जहाजावरची तोफ आणि बांधावरचे रोही

नौदलात तोफांचा अधिकारी होतो म्हटलं की आमच्या सेनगावकडची माणसं आधी विचारतात, "बोटीवर तोफ राहती व्हय?" राहते. माझी सगळी नोकरी तिच्याच मागे गेली.

माझ्या हुकमावर तोफ पहिल्यांदा डागली, तो दिवस अजून आठवतो. यंत्रं बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी नेम धरायचा सराव होता. दूरवर एक जहाज लांब दोरानं लाकडी तराफा ओढत होतं. तेच आमचं लक्ष्य. समुद्र खवळलेला. पहिला गोळा तराफ्याच्या बराच अलीकडे पडला, पाण्याचा पांढरा खांब उठला. दुसरा पलीकडे गेला. शेजारी उभे असलेले कप्तान हळूच म्हणाले, "तराफ्याकडे नंतर बघ. आधी आपलं जहाज कसं डोलतंय ते बघ." मी थांबलो. या कुशीवरून त्या कुशीवर जाताना जहाज क्षणभर सरळ होतं. तेवढ्यात हुकूम दिला आणि तराफ्याच्या फळ्या उडाल्या. पुढं मी शिकवायला लागलो तेव्हा पहिला धडा हाच द्यायचो.

एकदा घरच्यांना जहाज दाखवायची परवानगी मिळाली आणि बाबा विशाखापट्टणमला आले. जन्म शेतात गेलेला माणूस. समुद्राकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. तोफेजवळ गेले, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा तिच्यावर हात ठेवला.

"कोणावर चालवली आजवर?"

"कोणावरच न्हाई, बाबा. नुसता सराव."

"मंग बरं हाय," ते म्हणाले आणि निवांत चहा प्यायला बसले. तोवर लढाईत कधी तोफ चालवली नाही याची मला थोडी खंतच होती. त्या दिवसापासून ती गेली.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा तोफांच्या आवाजानं डावा कान जवळजवळ गेला होता. बायको आता उजवीकडून बोलते. तेवढं सोडलं तर तकलीफ काही नाही. गावानं मला मेजर करून टाकलंय. नौदलात मेजर नसतो हे सांगणं मी सोडून दिलं.

यंदा सोयाबीन चांगलं उगवलं आणि रोही, म्हणजे नीलगाई, त्यात चरायला येऊ लागले. शेजारचे काका म्हणाले, "मेजर, तुमी तोफा चालवल्या. एखादा बार काढा की."

"माझ्याजवळ बंदूक न्हाई, काका. असती तरी जितराबावर कधी नेम धरला न्हाई."

"मंग एवढे दिवस काय करून राहिलते तिकडं?"

मला हसू आलं. बायकोनं ट्रंकेतून जुन्या साड्या काढल्या. आम्ही दोघांनी खुंट्या ठोकून त्या शेताभोवती बांधल्या. संध्याकाळी रोही बांधावर आले, फडफडणाऱ्या रंगांकडे बघत राहिले आणि सरळ काकांच्या शेतात वळले.

दुसऱ्या दिवशी काकूंच्याही साड्या बाहेर निघाल्या. बांधायला मीच गेलो.