दालचिनीचा डबा आणि सफरचंदाचे पाव

…तर लिही पुढं, आणि मध्ये मध्ये खिदळू नकोस. समोरच्या दारातली आपली भट्टीताई. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवावं लागत असेल. ओट्यावर एवढीशी भट्टी, पण सफरचंदाचं सारण भरून पाव भाजायला लागली, की अख्ख्या जिन्याला दालचिनीचा वास! ते पाव कोपऱ्यावरच्या पाळणाघरात जायचे. तिची नातही तिथंच असते, नुकते दात आलेली.

भट्टीताईला एक खोड. डबा रिकामा दिसलेला खपायचा नाही. तळाशी जुनी पूड असली तरी वर नवी ओतायची, गदागदा हलवायची, की झालं.

त्या दिवशी पाव पोचवून ती जरा टेकली, तेवढ्यात दारात किराणावाला. घामाघूम.

"ताई, माझ्याकडची नवी दालचिनीची पूड वापरलीत?"

"मग काय, शोभेला आणली होती?"

"आता वापरू नका. तपासणीत त्या मालात शिसं निघालंय. लहान पोरांना फार वाईट ते, डोक्यावर परिणाम होतो."

भट्टीताई तशीच उठली. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची, अशी धावत सुटली.

पाळणाघरातल्या बाई पोरांचे हात धूत होत्या. नातीनं तर पाव उचललासुद्धा होता. आजीनं तो हिसकावला, बाकीच्या पावांची टोपलीही उचलली, तसं सगळ्यांनी मिळून भोकाड पसरलं.

"अहो, लेकरांच्या तोंडचा घास काय काढताय?"

"रडू देत हो बाई! रडून काही बिघडत नाही."

पण खरी धाकधूक पुढंच होती. आधीच्या खेपेचे पाव पोरांच्या पोटात गेलेले. नवी पूड त्या खेपेच्या आधी ओतली की नंतर, काही केल्या आठवेना. डबा कायम भरलेला, तो तरी काय सांगणार? तिनं स्वतः सगळ्या आईबापांना जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी पोरांचं रक्त तपासायला पाठवलं. निकाल येईपर्यंत भट्टी थंड.

सगळी पोरं ठणठणीत निघाली, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

जिन्यातल्या बायका किराणावाल्यावर आग पाखडत होत्या. ताई म्हणाली, "पूड त्यानं केली नव्हती गं. गप्प बसला असता, तर मीच आपल्या हातानं पोरांना भरवत राहिले असते. दुकानाला कुलूप लावून दारोदार सांगत फिरला बिचारा. माझी नात…" वाक्य अर्धंच टाकून ती डबा घासायला लागली.

आता डबा आधी रिकामा होतो, धुतला जातो, वाळतो, मगच नवी पूड. आणि दुकान तेच.

झालं लिहून? मग ऊठ. ते फडक्यात बांधलेले पाव किराणावाल्याला नेऊन दे. भट्टीताईनं दिलेत सांग, गरम आहेत तोवर खा म्हणावं.