रविवारचा मोहनथाळ

ताटली माझ्या हातात देऊन ते समोर बसत आणि माझ्या जबड्याकडे बघत म्हणत, "साचं बोल हं, भाई. मी वाईट वाटून घेणार नाही."

सुभानपुऱ्यातले आमचे शेजारी, काका. नोकरीभर इमारतींचे नकाशे काढलेले. काकू गेल्यावर त्यांना एकच ध्यास लागला: काकूंचा मोहनथाळ. त्या करताना प्रत्येक पायरी मोठ्याने सांगत. काका बाहेर पेपर वाचत. त्यामुळे कृती अर्धीच कानावर पडली होती. "बेसनाला दूध-तूप चोळायचं, चाळायचं, भाजायचं, इथपर्यंत पक्कं. मग ती म्हणायची, 'आणि आता हे.' हे म्हणजे काय, ते बघायला मी कधी मान वर केली नाही."

त्यातून काकांना मधुमेह. स्वतः कणभरही चाखायचे नाहीत. वीस दिवाळ्या काकूंच्या हातचं खाल्लेला म्हणून जीभ माझी नेमली गेली.

दर रविवारी नवा प्रयोग. कृती एकाच कागदावर, पेन्सिलीने. मी नकारार्थी मान हलवली की प्रमाण रबराने खोडून नवं लिहायचे. चुकलेला नकाशा जपायचा नाही, म्हणायचे. एकदा जायफळ इतकं पडलं की सोमवारी मी ऑफिसात दुपारपर्यंत पेंगत होतो. एकदा वड्या पाडताना सुरी वाकली. तरी मी ताटली रिकामी करूनच उठायचो. घरी बायकोने माझं गोड बंद केलं होतं, हेही तुम्हाला सांगायला हवं.

एका रविवारी तुकडा तोंडात टाकला आणि थांबलो. तंतोतंत काकूंचा.

काका श्वास धरून बसले होते. मला मात्र पुढचा रविवार दिसला, ताटलीशिवायचा.

"जवळ आलंय, काका," मी म्हणालो. "थोडं काहीतरी राहिलंय."

त्यांनी कागद ओढून प्रमाण खोडलं.

ती चव पुन्हा आली नाही. मागचंच बरं होतं, असं मी चाचरत सुचवूनही पाहिलं. "बरं नकोय मला. बरोबर हवंय," ते म्हणाले. आणि मागचं प्रमाण आता त्यांनाही आठवत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. दिवसांना पुण्याहून त्यांची मुलगी आली होती. निघताना तिने विचारलं, "दादा, बाबा म्हणायचे, आईची चव फक्त तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी काय राहिलं होतं हो त्यात?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "एका रविवारी अगदी आईसारखा झाला होता. मीच खोटं बोललो."

तिने डोळे पुसले.

"माझं मन राखायला किती बोलताय, दादा."