एका लुगड्यात दोन आज्ज्या

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपेक्षा घरात जास्त काळजी होती ती नातीच्या झोपेची. दोन वर्षांची पोर. सून लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात, मुलगा तळेगावच्या कंपनीत, आणि पोर दिवसभर माझ्या मांडीवर. माझा पदर मुठीत धरायची, नाकाशी न्यायची, मग डोळे मिटायची. दवाखान्यात चार दिवस राहायला जाताना मी अंगावरचं लुगडं घरीच ठेवलं आणि ह्यांना बजावलं, "धुवायचं न्हाई." आमच्याकडं रीतच आहे तशी. बाई बाळापासून लांब गेली की तिचं वापरतं लुगडं बाळाच्या अंगावर घालायचं.

पण आमची नात पडली हुशार. तिनं लुगडं उचलून बघितलं, आत आज्जी नाही, आणि असा गळा काढला की शेजारच्या मावशी हातातलं पीठ तसंच घेऊन आल्या. सून ते नेसून बसली, तर पोर अजून चिडली. आई तिला आईच्याच कपड्यात पाहिजे. शेवटी आमच्या ह्यांनी, देहूरोडच्या लष्करी डेपोत उभा जन्म काढलेल्या माणसानं, हाफ चड्डीवरून माझं नऊवारी गुंडाळलं. नेसलं असं काही म्हणवत नाही. डोक्यावर पदर, खाली मिशी. पोर पदर नाकाशी धरून झोपली.

पुढं हे दिवसाही तसेच ओट्यावर बसायला लागले. कार्ल्याचा रस्ता, गाड्यांची ये-जा. एका गाडीवाल्यानं काच खाली करून विचारलं, "आजी, लेण्यांकडं कुठून जायचं?" ह्यांनी पदर सावरला आणि म्हणाले, "सरळ वर." तो बिचारा आभार मानून गेला.

मी परत आले ती काळ्या चष्म्यात, अंगाला दवाखान्याचा वास, आणि डोळ्याला धक्का नको म्हणून सुनेची पुढून बटणांची मॅक्सी. हात पसरले. "ये गं बाय." पोरीनं मला नीट न्याहाळलं आणि सरळ ह्यांच्या पदराआड शिरली, ती तिथंच पेंगली.

जन्मल्यापासून जिला न्हाऊमाखू घातलं, ती मला ओळखेना, आणि मिशीवाल्याला आज्जी समजते.

"माझं लुगडं सोडा," मी म्हणाले.

"सोडतो की. पर आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मावशी दारातून बघत होत्या. "आज्ज्या दोन झाल्या. आजा कुटं गेला म्हनायचं?"

मी ट्रंकेतलं दुसरं लुगडं आणून पोरीजवळ नेलं. डांबरगोळ्यांच्या वासानं ती झोपेतच शिंकली आणि ह्यांच्याकडं वळली.

"अर्धं तरी द्या," मी म्हणाले.

नऊवार कापड, तेवढं निघतं. ह्यांनी बसल्याबसल्या आतलं टोक सोडलं, मी ते मॅक्सीवरून गुंडाळून शेजारी बसले. पोर मधे.

ती उठली. एकदा मिशीकडं बघितलं, एकदा चष्म्याकडं. मग कापड मुठीत धरत, हुंगत, रांगत माझ्याकडं आली. पोटाशी नाक लावलं. बराच वेळ लावलं. आणि मांडीवर चढून माझ्या गुडघ्यावर लाळ गाळत पुन्हा झोपली.

हे उठायला गेले तर कापड ताणलं, पोरीच्या कपाळाला आठी पडली.

"बसा गप."

"अगं, च्या प्यायचाय मला."

मावशी घरातनं कपबश्या घेऊन आल्या आणि थबकल्या. "आदी कुटल्या आज्जीला देऊ?"

"त्यांना द्या," मी म्हणाले. "माझे हात गुतल्यात."