शेवटचं पाणी

"लांब हो. देहाला हात लावू नको."

वहिनी हे अंगणात, सगळ्या भावकीसमोर बोलल्या. माझ्या हातात कोमट पाण्याची बादली होती. मोठ्या बाई सकाळीच गेल्या होत्या. त्यांना शेवटची आंघोळ घालायला मी पुढं झाले होते. एकानं बादली काढून घेतली. पाणी गटारात ओतलं. दुसरं तापवायला ठेवलं.

वारूळवाडीचा वहिनींचा बंगला. भोवती द्राक्षबाग. मोठ्या बाई म्हणजे वहिनींच्या सासूबाई. अर्धं अंग लुळं पडलं, अन् त्यांचं सगळं करायला मला ठेवलं. सगळं म्हणजे हगणं-मुतणं, आंघोळ, पाठीवरची जखम. माझे आजोबा महारवाड्यात असताना ख्रिस्ती झाले. देव बदलला. गावाच्या लेखी आम्ही तेच राहिलो.

पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी ओठ घट्ट मिटले. "हिच्या हातचं पाणी नगं." दुपारपर्यंत तहानेनं तळमळल्या, मग प्याल्या. डोळे मिटून. मी आतून पेटले होते. तरी संध्याकाळी मोरीत त्यांचे पाय धुवायला बसले. भेगाळलेली टाच हातात आली. लहान पोरासारखी हलकी. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याला शत्रूच्या हाती धरून देणाऱ्याचेसुद्धा, हे मी लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आले होते. ऐकून घरी जायचे, एवढंच. कृपा लायकी बघत नाही, म्हणतात. ते मला त्या मोरीत कळलं. ही बाई लायक नव्हती. मी तरी कुठं होते?

एकदा त्यांनी विचारलं, "तुला माझी किळस येत न्हाई का गं?"

"येते."

"मंग?"

"धुतल्यावर जाते."

त्या हसल्या. अर्ध्याच तोंडानं. त्यानंतर पाणी माझ्याच हातून मागायच्या. स्वयंपाकघरात मला अजून बंदी होती, माझा कप बाहेर पत्र्यावर पालथा असायचा. पण त्या खोलीत आम्हा दोघींचं निराळं होतं. शेवटी शेवटी त्यांनी माझं मनगट धरलं. "मला शेवटचं पाणी तूच घाल. ह्यांला माझी पाठ म्हाईत न्हाई."

मी हो म्हणाले.

आता मी कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभी होते. बायांनी मोठ्या बाईंवर घाईनं तांब्यानं पाणी ओतलं. पाठीखाली कुणी हात घातला नाही. जखम तशीच राहिली. मला ओरडायचं होतं, तिथं पुसा, हळू पुसा.

तिरडी गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "ती आंघोळीची जागा धुऊन घे."

मी धुतली. गुडघ्यावर बसून.

तेव्हापासून ती टाच माझ्या हातात आहे. भांडी घासताना, माझ्या मुलीची वेणी घालताना मधेच तळव्यावर तिचं वजन येतं. दिलेला शब्द आठवतो. मी हात पुसते. जात नाही.

आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, "सोस, बाई. कृपा करणाऱ्यानं मोजू नये."

"मी मोजत न्हाई," मी म्हणाले. "पण माझी कृपा ते बंगल्यावाले हक्क म्हणून वरपतात, अन् वर मलाच विटाळ म्हणतात. येशूनं पाय धुतले ते आपल्या राजीखुशीनं. कुणी त्याला मोरीत ढकललं नव्हतं."

तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनींची जीप आमच्या दारात. त्यांची आई पडली होती. मांडीचं हाड मोडलेलं.

"तुझ्यासारखं कुणी करत नाही गं. चल."

"येते. फक्त आत्ता, ह्या गल्लीसमोर सांगा, की तुमच्या आईच्या अंगाला माझा हात जित्यापणी चालतो, तसा मेल्यावर बी चालंल."

गल्लीतल्या बाया दारात आल्या होत्या. वहिनींनी पदर सावरला. ड्रायव्हरकडं बघितलं.

"असलं काय बोलतीस? रीतभात असते ना."

"मंग जावा."

जीप नारायणगावच्या रस्त्याला लागली. ती म्हातारी तिकडं ओल्या अंथरुणात पडली असेल, हे मला माहीत होतं. तरी मी हाक मारली नाही.

मी हे काम सोडलेलं नाही. कुणाचीही घाण काढीन, रडत असेल त्याला पोटाशी धरीन. देवानं मला फुकट दिलं, मी फुकट देईन. पण उंबऱ्याबाहेर उभं राहून नाही. आधी माझा हात माणसाचा हात आहे, हे तोंडानं म्हणा. मगच तो तुमच्या अंगाला लागेल.