पाण्याला लावलेली वात

त्या वर्षी आमच्या घरी देवापुढचा दिवासुद्धा जुन्या धोतराच्या चिंधीवर जळत होता, आणि अंगणात कापसाच्या गंज्या पार वळचणीला टेकल्या होत्या. सातासमुद्रापार कुठे लढाई लागली होती, तिकडचा कापूस निघत नव्हता, म्हणून वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता, एवढंच आम्हा बायकांना ठाऊक. मामंजींचा हुकूम होता की गंजीतली चिमूटही कोणी उचलायची नाही. वातीलासुद्धा नाही.

मी तेव्हा पंधरा वर्षांची. वलगावहून अकोल्याच्या जुन्या शहरात सून म्हणून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. या घरात जी काय अक्कल आहे ती माझ्याच पदराला बांधून माहेरून आलेली आहे, अशी माझी खात्री होती.

अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात विहीर, तिला लागून हौद. मोटेचं पाणी हौदात पडायचं आणि तिथून जमिनीखालच्या खापरी नळाने पुढच्या दारापाशी यायचं. तिथे दगडी तोटी होती. गाड्यांचे बैल तिथे पाणी पीत, सरकी काढायला येणाऱ्या बायका तिथे हातपाय धूत. तोटीच्या तोंडाला चिंधी गुंडाळलेला लाकडी दट्ट्या असे, आणि दिवेलागणीला तो घट्ट बसवायचं काम आत्याबाईंचं. आत्याबाई म्हणजे मामंजींची थोरली बहीण. नकळत्या वयात कपाळ पुसलं गेलं, तेव्हापासून भावाच्या घरी होत्या. घरात त्यांचं म्हणावं असं एक तो दट्ट्या आणि एक खुंटी.

चैत्रात सकाळी हौद अर्धा दिसू लागला.

"वन्सं, दट्ट्या लावला होता ना?" सासूबाईंनी विचारलं.

"लावला होता."

"मंग पानी गेलं कुठं?"

चार-सहा दिवस हेच चाललं. मग सासूबाई मामंजींना म्हणाल्या, "त्याईले आता इसर पडते. उन्हाचे दिवस, बैल मोट ओढून ओढून मरून राहिले अन् पानी सारं रस्त्यावर." मामंजींनी ठरवलं की परवा गाडी अंजनगावला जाणार आहे, तिच्यातच बहिणीला बसवून द्यायचं. तिथे एक लांबचा पुतण्या होता. त्याच्या बायकोने मागे एकदा आत्याबाईंना ओसरीवरूनच परत लावलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

आत्याबाई "बरं" म्हणाल्या आणि दोन लुगड्यांचं गाठोडं बांधून खुंटीला अडकवलं.

मला त्यांची कीव आली, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला शहाणपण दाखवायची खुमखुमी आली. रस्ता तर सकाळी कोरडा असतो, मग पाणी वाहिलं कसं? त्याच दुपारी झाडताना दोन गंज्यांच्या मधे मातीची एक भेग दिसली. आमची काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो, आणि घडाभर पाणी प्याली तरी वर ओठ ओले दिसू देत नाही. मी हात घातला. आत गार लागलं. खुरप्याने उकरलं तर नळाचे दोन खापर जिथे जोडले होते तिथून सुतासारखी धार निघत होती. माती फाटताना तिने सांधाही थोडा उसवला होता.

झालं. आता कोणाला हाक मारायची की नाही? नाही. उद्या भरलेला हौद दाखवून सांगायचं की पाहा, कोणी केलं. सांध्यावरचा जुना चुना मला मळकट दिसला, तो मी खुरप्याने खरवडून काढला. मग गंजीतला पांढराशुभ्र कापूस मूठभर उपसला, त्या फटीत ठासला, वर माती लोटली आणि चूल पेटवायला गेले. रात्री झोपेतही मी हसत असेन.

सकाळी हौदाचा तळ दिसत होता.

त्या दिवशी मी किती कामसू झाले होते ते विचारू नका. दोनदा भांडी घासली. बोलावं तर कापूस चोरल्याचं कबूल करावं लागणार होतं, न बोलावं तर खुंटीवरचं गाठोडं दिसत होतं. मी त्या खुंटीकडे पाठ करून जेवले. एवढीच माझी अक्कल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली. आत्याबाईंनी देवाला हात जोडले, गाठोडं काढलं आणि उंबऱ्यापाशी क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सासूबाई, पाणी नळातून जाते. मी पायलं. मी त्याच्यात कापूस कोंबला."

"कोणता कापूस?"

"गंजीतला."

बाहेर मामंजी ऐकत होते. ते गाडीवानाला एवढंच म्हणाले, "बैल सोड."

शेजारच्या गल्लीतल्या मिस्त्रीचाचांना बोलावलं. त्यांनी हौदातलं नळाचं तोंड चिखलाच्या गोळ्याने बंद केलं आणि माती काढली. माझा बोळा ओलाचिंब, त्याचं शेपूट भेगेत लोंबत होतं आणि शेपटाच्या टोकाला पाणी ठिबकत होतं. चाचांनी दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे न बघता विचारलं, "बेटी, दिव्यात वात लावते ना? ते काय करते?"

"तेल ओढते," मी म्हणाले.

"मंग? तू पान्याले वात लावून देल्ली. अन् चुना होता तोबी काढला."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. वर्षभरात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं, तेही असं.

चाचांनी सांधा गरम राखेने सुकवला. मग म्हणाले, चाळलेला चुना द्या, जवसाचं तेल द्या, आणि मूठभर चांगला कापूस द्या. कापसाचं नाव निघताच सगळे मामंजींकडे पाहू लागले. मामंजी उठले, गंजीपाशी गेले आणि स्वतःच्या हाताने मूठभर कापूस घेऊन आले. त्याचे बारीक तुकडे करून चुन्या-तेलात खलायचे, कणकेसारखा गोळा होईपर्यंत. ते काम चाचांनी मला दिलं. कापूस तोच, पण तेल प्यायला की त्याला पाणी ओढता येत नाही. खलता खलता माझे खांदे भरून आले. आत्याबाई शेजारी बसून म्हणत होत्या, "आनखी कूट."

मी हळूच विचारलं, "तुमाले ठाव होतं?"

"रोज पहाटे अनवानी चालतो मी अंगनात. तिथं पायाले गार लागे."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कोन आयकलं असतं? इसरभोळी म्हातारी." मग गोळा बोटाने दाबून पाहत, "परवा तुह्या केसात कापसाचं तूस होतं. म्हटलं, पाहू बोलते का."

सांधा लिंपून तीन दिवस तसाच ठेवला. मग हौद भरला, त्याच्या कडेला कोळशाची रेघ ओढली, तोटीखाली कोरडी राख पसरली आणि दट्ट्या सासूबाईंनी स्वतः ठोकला. सकाळी पाणी रेघेला होतं आणि राख कोरडी होती. सासूबाईंनी राखेवरून बोट फिरवून पाहिलं. "वन्सं, संध्याकाळी तुमीच लावा," एवढं म्हणून त्या आत गेल्या.

पण गाठोडं खुंटीवर तसंच राहिलं, बांधलेलं. आत्याबाई त्यातून लुगडं काढत, नेसत, धुऊन वाळवून पुन्हा त्यातच बांधत. मी रोज येता-जाता गाठीकडे बघायची. कापसाच्या गंज्या गाड्यांवर चढून गेल्या, पावसाळा आला, माती फुगून सगळ्या भेगा मिटल्या, आम्ही पुन्हा कापसाच्या वाती वळू लागलो. गाठ तशीच.

पुढे पोळ्याच्या आदल्या दिवशी मी अंगणात आले तर दोरीवर दोन्ही लुगडी वाळत होती. आत जाऊन खुंटीकडे पाहिलं. गाठोड्याचं फडकं सोडून, झटकून, चौघडी घालून ठेवलं होतं. मी त्या दिवशीही शहाणपणाचं काहीतरी बोलणार होते. पण आत्याबाई तोटीपाशी दट्ट्याला नवी चिंधी गुंडाळत बसल्या होत्या, तेव्हा गुपचूप जाऊन चिंधीचं दुसरं टोक धरलं.