स्वस्तातलं ‘नाही’

माझ्या साडूला घासाघीस करता येत नाही. भाजीवाली सांगेल तो भाव देतो आणि वर तिची विचारपूस करून निघतो. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात नोकरी, महिना भरला की पगार. त्याला कशाला लागतेय घासाघीस? मी खांद्यावर टॉवेलचं गाठोडं टाकून दारोदार फिरलो, तेव्हा कुठे आज सोलापुरात चादरींचं दुकान आहे. म्हणून सासुरवाडीत कसलाही व्यवहार असला की बोलायला मी. ट्रॅक्टर घेताना मी, विहिरीवरची मोटर घेताना मी. साडूच्या स्वतःच्या लग्नातला मांडवसुद्धा मीच ठरवलेला.

मागच्या विधानसभेच्या सुमारास धाकट्या मेहुण्याचं लग्न जुळत आलं होतं. निकाल लागला की मुलीकडचे बोलणी करायला येणार होते. त्या बैठकीत सासऱ्यांच्या शेजारी मीच बसणार, हे मी धरून चाललो होतो.

दिवाळीला आम्ही दोघे जावई सासुरवाडीला गेलो. फराळ चालू असताना साडूने मोबाइल पुढे केला. त्यात निवडणुकीच्या निकालावर पैसे लावायचं ॲप होतं. तेव्हा अशी ॲपं राजरोस चालत. सासऱ्यांच्या मतदारसंघात एकच घराणं वर्षानुवर्षं निवडून येतं आणि सासरे त्या घराण्याचे जुने कार्यकर्ते. ॲपवर प्रश्न एवढाच, की त्या घराण्याचा उमेदवार जिंकेल का? ‘हो’ साडेनऊ रुपयांना, ‘नाही’ आठ आण्यांना. ज्याचं खरं ठरेल त्याला दहा, दुसऱ्याला काही नाही. साडूने ‘हो’ घेतलं होतं.

“साडेनऊ देऊन दहा?” मी हसलो. “मागितला तेवढा भाव दिलात ना साडूभाऊ, नेहमीसारखा?”

“मामा रोज त्यांच्याबरोबर फिरतात, दादा. मामा म्हणाले येणार, म्हणून घेतलं.”

सासरे खूश झाले. “बघा, ह्यो इचारून करतोय. भरवसा हाय त्याचा आमच्यावर.” आणि स्वतः उठून त्याच्या ताटलीत चकल्या घातल्या. माझी ताटली शेजारीच होती, रिकामी.

घरी येऊन मीही ते ॲप घेतलं. पण सांगितल्या भावात घेणं माझ्या हाडात नाही. मी ‘हो’साठी साडेआठची मागणी टाकली आणि थांबलो. आमच्या धंद्यात असंच चालतं. आपला भाव सांगायचा, दुकानाची पायरी उतरायची आणि मागे न बघता चालू लागायचं. चार पावलांत हाक येतेच, “ओ शेठ, या की!” मोबाइलमधून कोणी हाक मारली नाही. उलट भाव चढला. गिऱ्हाईक पायरी उतरलं म्हणून भाव वाढवणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. माझं डोकं सटकलं आणि मी ‘नाही’ घेतलं. दहाची वस्तू आठ आण्यांच्याही आत! ती अजून उतरली, तेव्हा आणखी घेतलं.

आता, दुकानात भरलेल्या मालाची तारीफ करायची मला सवय. त्या भागातलं गिऱ्हाईक आलं की चादर उलगडता उलगडता मी सांगू लागलो, यंदा तुमच्याकडची सीट पडतेय. चार-सहा जणांना सांगितल्यावर मलाही ते खरं वाटायला लागलं. एका टेम्पोवाल्याने ते गावात नेलं. सासऱ्यांचा फोन आला.

“पाव्हणं, आमचा माणूस पडतोय म्हणं?”

“वारं तसं दिसतंय, मामा.”

“सोलापुरात पंख्याखाली बसून कसलं वारं लागतंय तुमाला? हितं समदी मला इचारत्यात, थोरलं जावई फुटलं का म्हणून.”

“फुटलो-बिटलो नाही. माल स्वस्तात मिळाला, घेतला.”

“कुणी घेत न्हाय म्हणून सस्ता हुता की त्यो!”

मतमोजणीच्या दिवशी जेवणाच्या आधीच गुलाल उधळला गेला. पैसे गेले त्याचं एवढं नाही. धंद्यात जातात, येतात. पण घरच्या ग्रुपवर फोटो आला. गुलालात माखलेले सासरे आणि त्यांचा हात साडूच्या खांद्यावर. मी तो फोटो मोठा करून पाहिला. हात नुसता ठेवलेला नव्हता, खांदा घट्ट धरला होता.

बोलणीच्या दिवशी मी मुद्दाम लवकर पोचलो आणि सतरंजीवर सासऱ्यांशेजारी बसलो. मुलीकडची माणसं दारात दिसताच सासरे हळूच म्हणाले, “पाव्हणं, तुमी जरा पंगतीचं बघा.” माझ्या जागेवर साडू बसला.

आचाऱ्याशेजारी उभा राहून मी आतलं ऐकत होतो. खर्च निम्मा-निम्मा ठरला. मुलीच्या वडिलांनी कुर्डुवाडीतल्या एका मंगल कार्यालयाचं भाडं सांगितलं. साडू म्हणाला, “चालेल की.” लगेच हशा झाला, चहा आला. अशी कुठे बैठक असते? मुलीचे वडील बाहेर येऊन मलाच सांगत होते, “लई सोन्यासारखा माणूस हाय हो तुमचा साडू.”

दुसऱ्याच दिवशी मी कुर्डुवाडी गाठली. कार्यालयाच्या मालकाला आपला भाव सांगितला, पायरी उतरलो, चालू लागलो. मागून हाक आली! भाडं कमी झालं, वर लायटिंग फुकट. तिथूनच सासऱ्यांना फोन लावला.

“तुमाला कुणी सांगितलं हुतं?” ते म्हणाले.

“आपलेच पैसे वाचले, मामा.”

“धाकल्या जावयानं पोरीच्या बापाला शब्द दिलाय. आता कमी केलं तर त्यो हलका पडंल. ऱ्हाऊ द्या तसंच.”

“म्हणजे त्याचा शब्द राहिला पाहिजे. आणि माझा?”

ते समजुतीच्या आवाजात म्हणाले, “मनावर घिऊ नका. आहेराच्या टावेल-टोप्या तुमच्याच दुकानातनं घिऊ की. भाव सांगा.”

मला इतका राग आला की मी नेहमीच्या दुप्पट भाव सांगितला.

“बरं,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.