न्हाणीची आतली कडी

१८ फेब्रुवारी १९६३. बीबी गावच्या कडूबाकडून काशीयात्रेचे एकशे अडुसष्ट रुपये पन्नास नये पैसे जमा झाले. पैसे मोजून झाल्यावर त्याने विचारले, "साहेब, बाबाचं तिकीट लागते काय?"

बाबा म्हणजे त्याचे वडील उकंडराव. ते पौषात वारले होते. त्यांच्या अस्थी लाल कापडाच्या पिशवीत कडूबाच्या गळ्यात होत्या.

आमचे मालक हिंमतराव शेजारी पान लावत बसले होते. ते म्हणाले, "अर्धं लागत असते. पण म्हाताऱ्याले माफ केलं, जाय."

मी तेव्हा मेहकरच्या एका लहान यात्रा कंपनीत हिशेब लिहीत होतो. कॉमर्सची परीक्षा होऊन दोन वर्षे झाली होती. यात्रेबरोबर जाणे, माणसे मोजणे आणि किल्ल्या सांभाळणे ही कामेही माझ्याकडेच होती. पुढे दुसरी नोकरी लागली, तीही आता संपत आली आहे. या सगळ्या वर्षांत हजारो माणसांची नावे मी लिहिली. त्यांत कडूबासारखा माणूस मला दुसरा भेटला नाही.

तो पंचावन्नचा असेल. जातीने माळी, विहिरीखाली दीड एकर जमीन. वांगी आणि मिरची काढायचा आणि लोणारच्या बाजारात विकायला बसायचा. वांगे किडके निघाले तर पुढच्या बाजारी आठवणीने दुसरे द्यायचा. आई तो रांगत असतानाच गेली. बापाने एकट्याने वाढवला, म्हणून पन्नाशी उलटली तरी बापाला विचारल्याशिवाय त्याने बैलसुद्धा बदलला नव्हता.

त्यांच्या घरची एक रीत होती. अस्थी नेताना मेलेल्या माणसाला वाटेत हाक मारत न्यायचे. उंबरा आला, गाडी बदलली, पूल आला की सांगायचे. नाही सांगितले तर तो तिथेच राहतो. मलकापूरला डब्यात चढताना कडूबा मोठ्याने म्हणाला, "बाबा, रेल्वेत चढून राह्यलो. चाला." हमाल वळून बघायला लागले.

डबा आम्ही रेल्वेकडून भाड्याने घेतलेला. पूर्वीचा वरच्या वर्गाचा, आत फळ्या ठोकून सगळ्यांच्या झोपण्याची सोय केलेली. मोठ्या गावी तो गाडीपासून सोडवून बाजूच्या रुळावर उभा करत, आणि तेच आमचे बिऱ्हाड होई. एका टोकाला संडास, दुसऱ्या टोकाला न्हाणी. न्हाणीत छताला पितळी फवारा होता. आमच्यातल्या बहुतेकांनी फवारा पहिल्यांदाच पाहिला. पाणी छतावरच्या टाकीतून येई आणि जमिनीतल्या नळीतून खाली रुळांवर पडे.

उकंडरावांना आंघोळीचा भारी नाद. विहिरीवर मोट रिकामी होते तिथल्या दगडी थारोळ्यात ते रोज दुपारी बारा वाजता बसायचे आणि वरून पाणी घ्यायचे. आंघोळ झाली की तीनदा खाकरायचे. हे कडूबा गाडीत सगळ्यांना सांगत होता.

प्रयागच्या अलीकडे त्याची आंघोळीची पाळी आली. अस्थी न्हाणीत नेत नाहीत, म्हणून त्याने पिशवी बाहेरच्या खुंटीला अडकवली. फवारा सोडला आणि त्याला राहवले नाही. "बाबा, मोटेवानी पाणी पडते. या!" ही हाक मी माझ्या जागेवरून ऐकली. तेवढ्यात हिंमतराव ओरडले, "अबे, प्रयाग आलं! साबण घेऊनच उतरतं काय?" कडूबा अर्धा ओला बाहेर आला, पिशवी गळ्यात घातली आणि पळाला. न्हाणीतून बाहेर पडताना हाक मारायची राहिली.

संगमावर अस्थिविसर्जन व्यवस्थित झाले. दुपारी आम्ही डब्याशी परतलो. दाराला माझे कुलूप होते. कुलूप काढण्यापूर्वी नेहमीप्रमाणे मी माणसे मोजली. सेहेचाळीस, सगळी खाली खडीवर उभी. दार उघडले तर आत पाण्याचा आवाज येत होता.

न्हाणीचे दार ढकलले. कडी आतून होती.

"कोण आहे बे आत?" हिंमतरावांनी दार ठोकले. पाणी थांबले. आत कोणी तरी तीनदा खाकरले. मग कडी सरकल्याचा आवाज आला आणि दार हळूच उघडले. आत कोणी नव्हते. खिडकीला गज होते. जमीन ओली होती आणि डब्यात विहिरीच्या तळाचा, शेवाळाचा वास पसरला होता.

"माह्या बाबाची खाकर हाय ते," कडूबा म्हणाला.

मेहकरच्या सरस्वतीबाई आमच्यातल्या सर्वांत वडील आणि जिभेच्या तिखट. त्यांनी त्याला सगळे विचारले आणि कपाळाला हात लावला. "आंघोळीले बलावलं अन् निघाचं सांगलंच नाही? हाडं गंगेत अन् बुढा न्हाणीत! असा कसा रे तू, कडूबा?"

काशीत डबा दोन दिवस उभा होता. दोन्ही दिवस बाराच्या ठोक्याला पाणी सुरू झाले. पहिल्या दिवशी कडी आतून लागली. दुसऱ्या दिवशी हिंमतरावांनी सकाळीच बाहेरून कुलूप ठोकायला लावले. बाराला मी त्या कुलपावर हात ठेवून उभा राहिलो. आत पाणी पडत होते, पण ते सरळ जमिनीवर पडल्यासारखे वाजत नव्हते. खांद्यावर, पाठीवर पडून मग खाली ओघळावे, तसा आवाज होता. हात काढून घेतला तेव्हा तळवा गार पडला होता.

बायका त्या टोकाला फिरकेनात. हिंमतरावांनी टाकीची चावी बंद करवली आणि कडूबाला सांगितले, "गयेच्या पुढं तुले नेत नाही मी. तुह्या बापाले घे अन् उतर."

तिसऱ्या दिवशी सकाळी कडूबा माझ्याकडे आला. "साहेब, बाबा इथं बसेल असला तं गयेचा पिंड त्याले कसा पावन? अन् यात्रा झाल्यावर हा डबा रेल्वे कुठं बी नेईन. मद्रासले नेईन, कलकत्त्याले नेईन. बाबाले आपल्या बोलीशिवाय कोणाचं समजत नाही हो."

मग त्याने मला डब्याखाली वाकून बघायला लावले. न्हाणीच्या नळीखालची खडी कालच्या पाण्याने अजून ओली होती. "हे पाणी सरळ खाली पडते. पुलावर पडलं तं गंगेत पडन. तुम्ही फक्त कुलूप काढा अन् टाकी सोडा."

गयेपर्यंत सेहेचाळीस माणसांना तेवढेच पाणी होते, आणि मालकांचा हुकूम स्पष्ट होता. मी घड्याळ पाहिले. गाडी पावणेबाराला निघणार होती, म्हणजे बाराच्या ठोक्याला ती पुलावर असणार. मी टाकीची चावी सोडली.

स्टेशन मागे पडले आणि पुलाचे लोखंड खडखडू लागले. खाली गंगा उन्हात पांढरी दिसत होती. मी कुलूप काढले. कडी आतून होती. कडूबाने दारावर हात ठेवला आणि लहान पोराला उठवावे तशा आवाजात म्हणाला, "बाबा, आंघोळ झाली. निघा आता. पूल आला. खाली गंगा हाय."

पाणी पडतच राहिले.

"बाबा, मले घाई झालती. माह्यावर रागावू नका. निघा."

कडी सरकली. दार उघडले. फवाऱ्याची तोटी बंद होती, तरी पाणी पडत होते, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर ते फुटून बाजूला उडत होते. तिथे कोणी बसलेले दिसत नव्हते. एकाएकी ते फुटणे थांबले आणि पाणी सरळ जमिनीवर आदळले. मग तीनदा खाकरल्याचा आवाज आला, पण न्हाणीतून नाही. तो नळीतून, खालून आला, आणि प्रत्येक वेळी आणखी लांबून. टाकी संपली. पुलाचा खडखडाट थांबला.

कडूबाने दार ओढून घेतले. गयेत त्याने पिंड दिला आणि कावळा लगेच शिवला. हिंमतरावांनी त्याला उतरवले नाही. न्हाणीत परतीपर्यंत पुन्हा काही झाले नाही. तरी सरस्वतीबाई मलकापूरपर्यंत स्टेशनच्या नळावरच आंघोळ करत होत्या.

कडूबा १९७४ साली बीबीलाच वारला. त्याचा मुलगा कारभारी सांगत होता की शेवटच्या दिवसांत तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायचा, "मले नेताना घाई करजो नोको."

मोगलसरायला टाकी रिकामी पाहून हिंमतराव माझ्यावर खवळले होते. वेळेबाहेर टाकी भरून देण्याबद्दल पाणीवाल्याला एक रुपया पंचवीस नये पैसे द्यावे लागले. ते कडूबाने स्वतःच्या खिशातून दिले. मेहकरला परत देतो, असे मी त्याला म्हणालो होतो. पावती नसल्यामुळे मालकांनी तो खर्च मंजूर केला नाही, आणि मीही माझ्याजवळचे दिले नाहीत. एक रुपया पंचवीस नये पैसे देणे आहे.